फरशीवरचा तास

लोंढे बाईंचा तास असला की आम्ही आधीच बाकं भिंतीला सरकवून ठेवायचो. बाई दारात चपला काढत, पदर कमरेला खोचत आणि जवळच्या कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून, "थांब गं, गुडघ्याला विचारू दे," असं म्हणत हळूहळू खाली बसत. मग बिस्किटाच्या जुन्या डब्यातले खडू मधोमध ओतत. आमच्या वर्गाला काळसर शहाबादी फरशी होती, तिच्यावर खडू झकास उठायचा. भिंतीवर फळा होता, चांगला होता, पण या तासाला बाईंनी त्याला कधी हात लावला नाही. "फळ्यावर एकच माणूस लिहितो, बाकीचे बघून राहतात," त्या म्हणायच्या. "फरशीवर सगळ्यायला जागा हाये." तास संपला की ज्याने जे लिहिलं ते त्यानेच ओल्या फडक्याने पुसायचं, एवढा एकच नियम.

आमचं गाव कुरुंद्याहून थोडं आत. जिल्हा परिषदेची शाळा दहावीपर्यंत. बाई तिथे हिंदी आणि चित्रकला शिकवत. राहायला वसमतला, माहेर कळमनुरीचं. सकाळच्या एसटीने यायच्या आणि पाचच्या एसटीने जायच्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पुस्तक हातात असलं की त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी असायची. पुस्तक मिटलं की आमच्या आया बोलतात तशी.

कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा आमच्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी मोबाइल आले होते. आठवड्यातून एक तास मुलांना सोशल मीडियाबद्दल शिकवायचा, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. तरुण शिक्षकांपैकी कुणी तयार होईना. प्रत्येकाला आपला विषय संपवायचा होता. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेल्या लोंढे बाई म्हणाल्या, "मला द्या." मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्हाला येतं का ते?" बाई म्हणाल्या, "न्हाई येत. म्हून तर मागून राहिले. ज्याला येतं ना सर, तो भरभर पुढं पळतो. मला लेकरायसंगं मागं राहता येईल."

हे त्यांनीच आम्हाला पहिल्या तासाला सांगितलं. खरोखरच त्यांना फारसं येत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये मुलाने घेऊन दिलेला मोबाइल त्या डाव्या हातात आरशासारखा धरत आणि उजव्या हाताच्या एका बोटाने हळूहळू वर सरकवत. पण हौस दांडगी. सकाळी सातला पालकांच्या ग्रुपवर बाईंची फुलं हजर. गुलाब, मोगरा, कधी कधी दव पडलेलं कमळ. माझे बाबा हसायचे. "उठा, बाईचं फूल आलं," म्हणायचे.

शाळेत मोबाइल आणायला बंदी होती. त्यामुळे सोशल मीडिया आम्ही मोबाइलशिवायच शिकलो. बाईंनी पाच-पाच जणांचे गट केले आणि पहिला प्रश्न टाकला, "स्टेटस म्हंजे काय? समजा मी तुमची आजी हाये. इंग्रजी शब्द बोलायचा न्हाई." आम्ही डोकी एकत्र करून बराच वेळ कुजबुजलो. शेवटी रेणुकाच्या गटाने उत्तर दिलं, "बाई, आपल्या दारावर लावलेली पाटी. दुसऱ्या दिवशी आपोआप निघून जाते."

"बराबर. मग ती पाटी वाचतं कोण?"

"ज्याच्याकडं आपला नंबर हाये तो."

"आणि तुझ्या आईचा नंबर कोणाकोणाकडं हाये? लिहा बरं खाली."

आम्ही लिहायला लागलो. मामा, मावशी, आत्या. मग शिंपी. गॅसवाला. बांगड्या भरायला येणारी. दवाखान्यातला कंपाउंडर. जुनी म्हैस ज्यांना विकली ते औंढ्याचे लोक. फरशी भरत गेली. रेणुकाने शेताकडे जाताना काढलेला स्वतःचा फोटो आदल्याच दिवशी आईच्या मोबाइलवरून लावला होता. ती त्या यादीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, म्हशीवाल्यायनं पण बघितला असंल." बाईंनी उपदेश केला नाही. "बघितला असंल," एवढंच म्हणाल्या आणि खडू पुढच्या गटाकडे सरकवला.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी एक मोठा पुठ्ठा भिंतीला टांगला. हा आपला ग्रुप. आठवडाभर ज्याला जे वाटेल ते चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं, नाव टाकायची गरज नाही. आवडलं तर खाली लाल पेन्सिलीने अंगठा काढायचा. चिकटवलेलं काढता येणार नाही. पहिले दोन दिवस विनोद आणि कोडी आली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, "रेणुका शेजारी बसली की खोबरेल तेलाच्या घाण्यावर बसल्यासारखं वाटतं." शनिवारपर्यंत त्या चिठ्ठीखाली लाल अंगठ्यांची रांग लागली होती. त्यातला एक अंगठा माझा होता. मला ते वाक्य मजेशीर वाटलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं.

शनिवारी बाईंनी रेणुकाला मध्ये बसवलं आणि म्हणाल्या, "ज्यायनं अंगठा देला त्यायनं एकेक जण यायचं, हिच्यासमोर बसायचं आणि ते वाक्य हिच्याकडं बघून वाचायचं. लिहिणाऱ्याला मी शोधणार न्हाई." पहिला मुलगा उठला, समोर बसला, "रेणुका" एवढा शब्द म्हणाला आणि उठून परत गेला. दुसरी बसली आणि तिला हसू फुटलं, मग रडू. माझी पाळी आली तेव्हा मी रेणुकाच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघत होते, कारण तिच्या डोळ्यांकडे बघता येत नव्हतं. वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. एकाच्याही निघालं नाही. बाई म्हणाल्या, "तोंडानं म्हणवत न्हाई ते बोटानं मात्र झटक्यात जमलं का न्हाई? का जमलं, ते लिहा दोन ओळी." त्या दोन ओळी लिहायला आम्हाला अख्खा तास लागला. त्यानंतर रेणुका आणि मी एका गटात आलो. तिला मी पुढे सांगितलं की एक अंगठा माझा होता. ती म्हणाली, "ठाऊक हाये. तुझा अंगठा वाकडा निघतो."

इथवर सगळं शिकणं गमतीचंच होतं. नववीच्या फेब्रुवारीत ते माझ्या घरात शिरलं.

आमची गिरणी आहे, गावाच्या वेशीजवळ. दळण बारा महिने, पण खरं काम हळद-मिरचीच्या दिवसांत. शेतकऱ्यांची हळद शिजून, वाळून बाजारात गेली की घरापुरती हळकुंडं मागे ठेवतात, ती आमच्याकडे कांडायला येतात. बाबा स्वतःही थोडी हळकुंडं घेऊन पूड करायचे. कुरुंद्याच्या बाजारात बसायचे आणि औंढ्याला देवळाच्या वाटेवरच्या दोन दुकानांत पुडे ठेवायचे. आई चाळणीवर बसायची. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या घरातल्या सगळ्यांचे तळहात पिवळे असायचे.

त्या वर्षी मोसम सुरू होता होता एक व्हिडिओ फिरायला लागला. बंद खोलीत कुणीतरी पांढऱ्या पिठात पिवळा रंग कालवतोय. चेहरा नाही, जागा कळत नाही. खाली ओळ होती, "आपल्याच भागातल्या गिरणीतली हळद. लेकरांना विष देऊ नका. सगळ्यांना पाठवा." आमच्या भागात हळद कांडणारी गिरणी एकच.

कुणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर बाबांना बरं वाटलं असतं. एक बाई हळकुंडांची पिशवी ठेवून गेली होती, ती दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "राहू द्या, सध्या गरज न्हाई," आणि पिशवी उचलून गेली. औंढ्याच्या दोन्ही दुकानांनी पुडे परत केले. बाबांनी गिरणीची दोन्ही दारं सताड उघडी ठेवायला सुरुवात केली, येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं दिसावं म्हणून. स्वतः दारातच बसायचे. लोक रस्त्याने जाताना दुसरीकडे बघायचे. आई रिकामी चाळणी धुऊन धुऊन उन्हात ठेवायची.

त्या आठवड्यात बाईंनी नवीन काम दिलं. प्रत्येक गटाने घरच्या मोबाइलवर आलेला एक निरोप निवडायचा आणि तो कुठून कुठून फिरत आला त्याचा माग काढायचा. कुणी देवाच्या नावाचा निरोप आणला, कुणी शाळा बंद राहणार असल्याचा. एका गटाने हळदीचा व्हिडिओ निवडला. विषय वाचला गेला आणि वर्ग माझ्याकडे बघायला लागला. बाईंनाही कळलं. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"वर्षा, ही तुमच्या घरची गोष्ट हाये. तुझी तयारी असंल तर काढू. न्हाई म्हणलीस तर दुसरं काही घेऊ, कोणी काही विचारणार न्हाई."

मी म्हणाले, "काढा."

मग त्यांनी सगळ्या गटांना त्याच एका कामाला लावलं. "खोटारडा कोण ते आपल्याला शोधायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "वाट कशी गेली तेवढं बघायचं. घरी जाऊन भांडू नका. एकच विचारा, हे तुमाला कोणाकडून आलं आणि तुमी कोणाला देलं."

चार दिवसांनी आम्ही ती वाट फरशीवर काढली. प्रत्येक माणसाचं एक वर्तुळ, एकाकडून दुसऱ्याकडे बाण. रेणुकाने एक मोठी गोष्ट शोधून आणली होती. तिच्या मामाला जालन्याला हाच व्हिडिओ मागच्या वर्षी आला होता आणि खाली दुसऱ्याच गावाची ओळ होती. म्हणजे तो आमचा नव्हताच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण बाण काढणं चालूच होतं आणि बघता बघता सगळे बाण एकाच वर्तुळातून निघताना दिसायला लागले. ते वर्तुळ ताटाएवढं झालं. त्यात लिहिलं होतं, "पालक ग्रुप, नववी." तिथून व्हिडिओ मोबाइल असलेल्या जवळपास प्रत्येक घरात गेला होता.

बाई गुडघ्यावर रेलून ते बघत होत्या. "आता ह्या ग्रुपात कोणी आणला? त्याचं वर्तुळ कुठंय?"

रेणुका खडू धरून वर्तुळाच्या कडेला बसली होती.

"सांगा की. काहून गप्प बसून राहिलात?"

रेणुकाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग ती हळूच म्हणाली, "बाई, तुमी."

बाईंना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, चष्मा चढवला आणि एका बोटाने वर वर सरकवत गेल्या. किती तरी फुलं गेली. मग बोट थांबलं. चाचणी परीक्षेचं वेळापत्रक, त्याखाली हळदीचा व्हिडिओ, त्याखाली जंताच्या गोळ्यांची सूचना. तिन्ही बाईंच्याच नावाने. शाळेच्या दोन सूचनांच्या मधोमध आल्यामुळे घरोघरी तोही शाळेची सूचनाच वाटला होता. मागच्या कोपऱ्यातून एक मुलगा म्हणाला, "माझी आई म्हणली, मास्तरणीनं पाठवलं म्हंजे खरं असंल."

बाईंनी मोबाइल फरशीवर ठेवला. "रेणुका, लिही."

"बाई, राहू द्या ना."

"लिही म्हणलं ना. लोंढे बाई. नीट काना-मात्रा देऊन लिही आणि तिथून ह्याच्यात बाण काढ. मला हा कळमनुरीहून माझ्या बहिणीनं पाठवला, तिचंबी वर्तुळ काढ."

रेणुकाने लिहिलं. बाई माझ्याकडे वळल्या.

"तुला ठाऊक व्हतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आईच्या मोबाइलवर बघितलं होतं."

"आणि तू माझ्या तासाला येऊन बसून राहिलीस." त्यांचा आवाज खाली गेला होता. "मग 'काढा' काहून म्हणलीस?"

मी सांडलेले खडू डब्यात भरायला लागले. आज सांगते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. मला ते एकदा कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी बाईंनी फरशी पुसू दिली नाही. माझ्या चित्रकलेच्या वहीत तो सगळा नकाशा उतरवून घेतला. मग म्हणाल्या, "आता ग्रुपवर काय लिहायचं ते मिळून ठरवा. मी आधी लिहिते, तुमी तपासा." त्यांनी खडूने लिहिलं, "सदर व्हिडिओ चुकून पाठवला गेला आहे. तरी पालकांनी त्याकडे दुर्लक्ष करावे."

रेणुका म्हणाली, "बाई, 'पाठवला गेला' म्हंजे तो आपोआप गेला का?"

बाई थांबल्या. आयुष्यभर कर्ता-कर्म शिकवलेल्या बाई. त्यांनी तळहाताने ते वाक्य पुसलं. "मग कसं लिहू?"

"मी पाठवला."

पुढे बराच वाद झाला. गिरणीचं नाव घालावं की नाही यावर दोन गट पडले. नाव घातलं तर पुन्हा तेच डोक्यात बसेल, असं एकाचं म्हणणं. न घातलं तर लोकांना कळणार कसं, असं दुसऱ्याचं. शेवटी मला विचारलं. मी म्हणाले, घाला. तास संपून गेला, मधली सुट्टी झाली, कुणी उठलं नाही. जो निरोप तयार झाला तो असा होता: "हळदीचा व्हिडिओ या ग्रुपवर मी पाठवला. तो खरा आहे का, कुठला आहे, हे मी तपासलं नाही. तो आपल्या गावचा नाही. त्यामुळे आपल्या गिरणीचं नुकसान झालं, ते माझ्यामुळे झालं. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी हाही पाठवावा. लोंढे बाई."

मुख्याध्यापकांना हे आवडलं नाही. ऑफिसच्या खिडकीखाली पाण्याची टाकी होती, तिथे आम्ही बाटल्या भरत होतो आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. "मॅडम, एवढं कबूल कशाला करायचं? व्हिडिओ काढून टाका, विषय संपला. शाळेचं नाव जाईल. तुमची दोन वर्षं राहिली."

"नाव गेलंय ना सर," बाई म्हणाल्या, "गिरणीवाल्याचं. शाळेचं अजून जायचंय, ते जातं का बघू."

बाईंनी निरोप ग्रुपवर टाकला, त्या दिवशी पाचची एसटी सोडली आणि माझ्याबरोबर गिरणीवर आल्या. बाबा दारात बसले होते, उठून उभे राहिले. आई आत होती. बाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या आणि जे घडलं ते सरळ सांगितलं, मध्ये कुठे न अडखळता. बाबा म्हणाले, "जाऊ द्या बाई, तुमी मुद्दाम थोडंच केलं." पण आई बाहेर आली. हात पदराला पुसत म्हणाली, "दुसऱ्या कोणी पाठवलं असतं तर लोकायनं सोडून देलं असतं. तुमी पाठवलं म्हून खरं मानलं. तुमी शिकलेल्या. लेकरं तुमच्या हवाली करतो आमी."

"व्हय," बाई म्हणाल्या.

आई वाट बघत होती. बाई आणखी काही बोलतील, 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणतील, बहिणीचं नाव घेतील. बाईंनी काही जोडलं नाही. आई पुन्हा आत गेली आणि बाहेर आली नाही. बाबांनी बाईंना मोटारसायकलवर कुरुंद्यापर्यंत सोडलं, तिथून त्यांना वसमतची गाडी मिळाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही बाईंच्या माफीचाही माग काढला. फरशीवर जेमतेम सहा बाण निघाले. बाईंनी ते बोटाने मोजले. "माफीत कोणाला मजा येत न्हाई," त्या म्हणाल्या. "चला, मग पायानं जाऊ."

त्यानंतर शाळा सुटल्यापासून पाचच्या एसटीपर्यंत जेवढा वेळ मिळे तेवढ्यात बाई घरोघरी गेल्या. वहीतल्या नकाशावर जेवढी वर्तुळं गावात होती तेवढी घरं, चाळीसच्या आसपास. रोज दोघी-तिघी मुली बरोबर असायच्या. मी बहुतेकदा असायचे. एक दार झालं की त्या वर्तुळावर पेन्सिलीने रेघ मारायची. गुडघे सुजले तेव्हा बाईंनी लेकाकडून काठी मागवून घेतली. बायका ओशाळून जायच्या. "अहो बाई, तुमी काहून आलात एवढ्यासाठी? बसा, पाणी घ्या." काही जणांना आपणही तो पुढे पाठवला होता याची लाज वाटायची आणि ते उगाच बाईंवरच चिडायचे. बाई उभ्यानेच सांगायच्या आणि निघायच्या. मारुतीच्या पाराजवळच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे गिरणीची हळद चांगली हाये, असं सांगून राहिल्या का तुमी?"

मला वाटलं, आता बाई हो म्हणतील. मला तेच हवं होतं.

"ते मी न्हाई सांगत आजोबा," बाई म्हणाल्या. "मी हळदीतली माहीतगार न्हाई. दारं उघडी असतात, जाऊन डोळ्यानं बघा. मी एवढंच सांगायला आले की मला ठाऊक नव्हतं, तरी मी पाठवलं."

मी रागावले. रस्त्यात म्हणाले, "बाई, चांगली आहे म्हणायला काय झालं होतं?" त्या काठी टेकून थांबल्या. "अगं, न बघता वाईट म्हणलं तवा हे झालं. आता न बघता चांगलं म्हणू का?" दुसऱ्या दिवशी तो म्हातारा गिरणीवर आला. तासभर स्टुलावर बसून कांडप बघत राहिला आणि जाताना पावशेर पूड घेऊन गेला.

सगळे परत आले असं नाही. काही घरं त्या वर्षापासून वसमतला कांडायला जातात, ती आजही तिकडेच जातात. औंढ्याच्या एका दुकानाने पुन्हा पुडे ठेवले, दुसऱ्याने ठेवले नाहीत. मोसम अर्ध्यावर आला होता, तो अर्धाच झाला. बाईंची फुलं मात्र बंद झाली. बाबांना चुकल्यासारखं वाटायचं. पुढच्या वर्षी एकदा त्यांनीच बाईंना निरोप पाठवला की फूल पाठवायला काय हरकत आहे, फुलाने कुणाचं काय बिघडतं. बाईंनी माझ्याकरवी उत्तर दिलं, "दारातल्या जास्वंदीचं पाठवीन, मी स्वतः काढलेलं असंल तर." आणि खरंच अधूनमधून एक हललेला, अंधुक जास्वंदीचा फोटो यायला लागला.

आई मात्र बाईंशी बोलली नाही. पालकसभेला बाबाच जायचे. बाजारात बाई समोरून आल्या की आई मान हलवायची, थांबायची नाही. मी एकदा म्हणाले, "आई, त्यांनी एवढं केलं." आई म्हणाली, "केलं. म्या कुठं न्हाई म्हणते." आणि विषय तिथेच संपला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी अकरावीत होते, कळमनुरीला कॉलेजात जात होते. निरोपसमारंभाला आमचा जुना वर्ग गोळा झाला. शाळेपुढच्या पटांगणात कनात बांधली होती. मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले. मग मुख्याध्यापक म्हणाले, पालकांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर या. असं म्हणायची पद्धत असते, कुणी येत नाही. बायकांच्या रांगेतून माझी आई उठली. मी दचकले. ती येणार आहे हेही मला ठाऊक नव्हतं. ती माइकपर्यंत गेली नाही, जागेवरच उभी राहिली आणि पदराचं टोक मुठीत धरून बोलली.

"मला बोलता येत न्हाई. आमचं नुकसान झालं व्हतं, ते सगळ्यायला ठाऊक हाये. ते बाईमुळं झालं. चुकणारी मानसं म्या लय पाह्यली. पण चुकलेलं मानूस चालत दारात आलेलं म्या तेवढंच पाह्यलं. बस."

आणि ती खाली बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. बाईंच्या हातात भाषणाचा कागद होता. त्या उठल्या, कागदाकडे बघितलं, चष्मा लावला, काढला. "मला जे म्हणायचं व्हतं त्यातलं काही राह्यलं न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि आमच्याकडे बघून हात जोडले.

पाचच्या एसटीला आम्ही सगळे थांब्यावर गेलो. हार, नारळ, शालीचे खोके पोरांच्या हातात. बाकावर बाई आणि आई शेजारी शेजारी बसल्या. आईने गुडघ्यांचं विचारलं. बाईंनी कुठलं तेल लावते ते सांगितलं. आईने ते तेल काही कामाचं नाही असं सांगून दुसरं सुचवलं. मग दोघी नुसत्याच रस्त्याकडे बघत बसल्या. गाडी आली. रेणुकाने बाईंना खिडकीजवळची जागा धरून दिली. बाई पायरीवर थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "येते."

"या," आई म्हणाली.

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत आई उभी होती. परत येताना मी तिला विचारलं, आता गेला का मनातून राग.

"दुखतं अजून," ती म्हणाली. "पण बाईवर राग न्हाई."

मग पदर खोचून ती भरभर चालायला लागली. गिरणीवर दोघी-तिघी बायका हळकुंडांच्या पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या.